सूर्याची रोजकीर्द

‘आदित्य-एल१’ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले तेव्हा वृत्तपत्रांनी आपली पहिली पाने त्याला दिली, आणि ते उचितच होते. ६ जानेवारी २०२४ रोजी ते आपल्या नियोजित कक्षेत स्थिरावले तेव्हाही मथळे झळकले. त्यानंतर मात्र सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीने तो विषय मिटला. वस्तुतः यानाचे खरे काम त्या दिवशी सुरू झाले होते. सूर्याकडे डोळे लावून बसायचे आणि जे दिसेल ते टिपून पृथ्वीकडे धाडायचे, हे ते काम. आणि त्यासाठी यानाला नेमून दिलेली मुदत आहे पाच वर्षांची. म्हणजे २०२९ च्या आरंभी ती संपते. सूर्याचा स्वतःचा कारभार मात्र सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने चालतो. पाच वर्षांसाठी नेमलेल्या कारकुनाने अकरा वर्षांचा हिशेब कसा पुरा करावयाचा, हा प्रश्न कोणालाही सुचण्याजोगा आहे. तो विचारला जाताना मात्र फारसा दिसत नाही.

पनवेलच्या परिसरातील माणसाने तर तो विचारावाच. मुंबईहून येणारा रस्ता पळस्पे फाट्यावर दुभंगतो. एक वाट घाट चढून पुण्याला जाते. तेथील ‘आयुका’ या संस्थेने आदित्यवरील अतिनील दुर्बीण सिद्ध केली. दुसरी वाट पेणकडे उतरते आणि वडखळला उजवीकडे वळले की अलिबागला पोहोचते. सूर्यावरील वादळांचे पृथ्वीच्या चुंबकत्वावर होणारे परिणाम तेथील वेधशाळेत १९०४ पासून नोंदले जात आहेत. आणि या वेधशाळेचा कारभार पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था फाट्यापासून हाकेच्या अंतरावर, नवीन पनवेलला आहे. (पळस्पे ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली प्रारंभ झाला, त्या रस्त्याची कथा येथे सांगण्याचे कारण नाही, वाचकांना ती पाठ आहे.) सूर्याच्या निरीक्षणाचा एक मोठा, जवळजवळ अखंड वारसा या मुलखात आहे, आणि तो अखंड कसा राहिला हे पाहिले तर आदित्यच्या पुढील प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे जाते.

अंतराळातून का?

आधी यानाविषयी थोडे. सूर्य पृथ्वीवरून दिसतो, मग त्याला पाहण्यासाठी पंधरा लाख किलोमीटर दूर जाण्याचे प्रयोजन काय? एक कारण असे की, सूर्याच्या प्रकाशातील अतिनील किरणांचा मोठा भाग आपल्या वातावरणातील ओझोनचा थर अडवून धरतो. तो अडवतो म्हणूनच आपण जगतो. पण त्यामुळेच त्या किरणांतून सूर्य कसा दिसतो हे जमिनीवरील दुर्बिणीला कधीच कळत नाही. पुण्याच्या दुर्बिणीचे वैशिष्ट्य नेमके येथे आहे. डॉ. दुर्गेश त्रिपाठी आणि डॉ. ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले हे उपकरण २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात, अकरा गाळण्यांमधून, सूर्याचे संपूर्ण बिंब टिपते. डिसेंबर २०२३ मध्ये तिची पहिली छायाचित्रे आली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी सूर्यावर झालेल्या एका प्रचंड ज्वालास्फोटाचे तपशील या प्रकाशपट्ट्यात तिने टिपले. ते इतक्या बारकाईने यापूर्वी कोणी पाहिले नव्हते.

दुसरे कारण रात्रीचे. पृथ्वीवर सूर्य मावळतो. पृथ्वीभोवती जवळून फिरणाऱ्या उपग्रहालाही तो अधूनमधून पृथ्वीच्या आड गेलेला दिसतो. पृथ्वी आणि सूर्य यांना जोडणाऱ्या रेषेवर, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, एक स्थान असे आहे की तेथून सूर्य कधी मावळत नाही. फ्रेंच गणिती लाग्रांज याने १७७२ च्या सुमारास अशा स्थानांचे गणित मांडले. तेथे सूर्य व पृथ्वी यांची ओढ समान होते, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. सूर्याच्या अधिक जवळ असलेली वस्तू त्याच्याभोवती पृथ्वीपेक्षा लवकर फेरी पुरी करू पाहते. या स्थानी मात्र पृथ्वी तिला मागे ओढून सूर्याची ओढ जेवढ्यास तेवढी कमी करते, आणि मग ती वस्तू पृथ्वीच्या बरोबरीने वर्षात एक फेरी घालते. आदित्य या बिंदूभोवती सुमारे १७८ दिवसांची प्रदक्षिणा घालत असतो. पृथ्वी-सूर्य अंतर पंधरा कोटी किलोमीटरचे, त्यातील हा अवघा शंभरावा हिस्सा. तेव्हा यान ‘सूर्यावर गेले’ असे म्हणणे म्हणजे उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला गावाला पोहोचला म्हणण्यासारखे आहे. पण उंबरठ्यावरच्या माणसाला येणारा पाहुणा आधी दिसतो, हेही तितकेच खरे. सूर्याकडून सेकंदाला चारशे ते आठशे किलोमीटर वेगाने येणारा विद्युत्भारित कणांचा लोट या स्थानावरून गेल्यावर पृथ्वीपर्यंत पोहोचण्यास अर्धा ते एक तास लागतो. तेवढी पूर्वसूचना मिळते. आणि सूर्यावरून तो लोट सुटताना पाहिला असेल, तर पूर्वसूचना एक ते तीन दिवसांची.

या सूचनेचे मोल काय, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचे वीजजाळे दीड-दोन मिनिटांत कोसळले आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका अमेरिकन कंपनीने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक उपग्रह त्याच आठवड्यात जळून गेले, कारण सौम्य अशा चुंबकीय वादळानेही वरचे वातावरण तापून फुगले आणि त्याच्या घर्षणात ते अडकले. आपला देश चुंबकीय विषुववृत्तालगत असल्यामुळे वीजजाळ्याला असलेला धोका कॅनडाच्या मानाने कमी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु याच विषुववृत्तीय पट्ट्यात आयनांबराची खळबळ अधिक असते, आणि रेडिओ संदेश व उपग्रहांवरून होणारे दिशादर्शन यांत तिचा उपद्रव विशेष जाणवतो. वाहनचालकापासून वैमानिकापर्यंत सगळ्यांचा भरवसा आज त्या दिशादर्शनावर आहे.

कुलाब्याचे आकडे

आता अलिबागच्या वाटेने थोडे मागे जाऊ. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा बांधली. योगायोग असा की, जर्मनीतील डेसाऊ या गावचा श्वाबे नावाचा एक औषधविक्रेता त्याच वर्षापासून सूर्यावरील डाग रोजच्या रोज मोजू लागला. त्याला डागांमध्ये रस नव्हता. बुधाच्या आत एखादा ग्रह सापडतो काय, हे त्याला पाहायचे होते. ग्रह सापडला नाही. पण सतरा वर्षांच्या नोंदींतून डाग वाढण्या-कमी होण्याचे चक्र त्याच्या हाती लागले. कुलाब्याला चुंबकीय निरीक्षणे १८४१ मध्ये सुरू झाली. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लिबार त्या वेळी तेथे प्रमुख होते. बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले, आणि केरो लक्ष्मण छत्रे विशीच्या आतच तेथे साहाय्यक म्हणून रुजू होऊन सुमारे दहा वर्षे राहिले. पुढे डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. आपल्या गणिताच्या परंपरेचा एक पाय असा निरीक्षणाच्या वहीत रोवलेला आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यबिंबावरील डागांचे चित्र काढीत असताना त्याला डागांच्या समूहात दोन लखलखीत ठिपके दिसले आणि पाचेक मिनिटांत विझून गेले. सूर्यावरील ज्वालास्फोटाचे हे पहिले दर्शन. अठरा तासांच्या आत पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकले. तारायंत्रे बिघडली, काही ठिकाणी तर बॅटरी काढून घेतल्यावरही केवळ त्या प्रवाहावर संदेश गेले. एरवी ध्रुवांकडे दिसणारा प्रकाश क्यूबा आणि हवाईपर्यंत दिसला. परंतु शास्त्रज्ञांच्या दृष्टीने अडचण अशी झाली की, युरोपातील वेधशाळांमध्ये छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप नोंद करणारी जी आधुनिक उपकरणे होती, त्यांच्या कागदाबाहेरच नोंद गेली. वादळ आले हे कळले. ते किती मोठे होते, हे मात्र कळले नाही.

कुलाब्याला तेव्हा असले स्वयंचलित उपकरण नव्हते. तेथे माणूस डोळा लावून काट्याचे वाचन करीत असे आणि वहीत लिहीत असे. एरवी तासातासाने; काटा अस्वस्थ झालेला दिसला की काही मिनिटांच्या अंतराने. २ सप्टेंबरला तो इतका हलला की कुलाब्यातील क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी उतरले. हा आकडा तेथील एकूण क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास आहे. ऐकायला लहान, पण त्याची बरोबरी करणारे वाचन त्यानंतर अशा प्रदेशात क्वचितच कोठे झाले असेल. तुलनेसाठी सांगावयाचे तर १०-११ मे २०२४ चे वादळ गेल्या दोन दशकांतील सर्वांत मोठे मानले गेले, लडाखमधील हानले येथून आकाश लालसर झालेले दिसले. आणि त्या वादळाचा जागतिक निर्देशांक चारशे नॅनोटेस्लांच्या घरात होता. एका जागेचे वाचन आणि अनेक जागांची सरासरी यांची तुलना तंतोतंत होत नाही, हे मान्य करूनही दोहोंमधील अंतर नजरेत भरते.

त्या वह्यांचे पुढे काय झाले? त्या जपल्या गेल्या. १८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि १८४६ ते १९०५ या कालखंडातील निरीक्षणे त्यांनी १९१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. भूचुंबकत्व संस्थेचे प्रा. गुरबक्ष लखिना व डॉ. शोभना अ‍ॅलेक्स यांनी अमेरिकेच्या ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलच्या वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासमवेत २००३ साली याच नोंदींच्या आधारे १८५९ च्या वादळाची तीव्रता नव्याने मांडली. सूर्य जास्तीत जास्त काय करू शकतो, याविषयी आज जगभर जे अंदाज बांधले जातात, वीजजाळ्यांच्या आणि उपग्रहांच्या सुरक्षिततेची जी गणिते होतात, त्यांत या १,६०० चा वाटा आहे. एका शतकातील काही साहाय्यकांनी पगारापुरते काम चोख केले आणि त्याचा उपयोग एकशे चव्वेचाळीस वर्षांनी झाला. अर्थशास्त्रात गुंतवणुकीवरील परताव्याची गणिते आम्ही शिकवतो. एवढ्या मुदतीचा परतावा कोणत्या सूत्रात बसवावा, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

दोन संचालक

मूस यांच्या आणखी एका निर्णयाकडे लक्ष वेधावेसे वाटते. शतक बदलले तेव्हा मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार, हे नक्की झाले. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय निरीक्षणे दूषित होणार, हेही उघड होते. शहराची सोय अडवून धरण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मुंबईच्या दक्षिणेस तीसेक किलोमीटरवर अलिबाग येथे, लोखंड कटाक्षाने टाळून, नवी वेधशाळा बांधण्यात आली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. पण कुलाब्याचे काम त्याच दिवशी बंद केले गेले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालू राहिली. नव्या जागेचे आकडे जुन्या जागेच्या आकड्यांशी ताडून पाहता यावेत, मालिका तुटू नये, हा त्यामागील हेतू. एखाद्या काटकसरी लेखापरीक्षकाने त्या वेळी ‘एकाच कामावर दुहेरी खर्च’ असा शेरा मारला असता तर त्याला नियमाप्रमाणे दोष देता आला नसता. परंतु त्या दुहेरी खर्चामुळेच कुलाबा आणि अलिबाग मिळून एक अखंड नोंद तयार झाली. जगात इतक्या जुन्या मालिका मोजक्याच आहेत.

याच्या नेमके उलट उदाहरण त्याच काळात पुण्यात घडले. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि तेवढ्याच सरकारी मदतीतून त्यांनी तेथे वेधशाळा उभारली. तिच्यातील वीस इंची दुर्बीण देशात तेव्हा सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला. परदेशी शास्त्रज्ञांची पथकेही तेथे आली होती. सूर्याचा प्रभामंडल डोळ्यांना दिसावा म्हणून खग्रास अवस्थेची जी दोनएक मिनिटे मिळतात, त्यांच्यासाठी हा सारा खटाटोप. (आदित्यवरील दुसरे मोठे उपकरण, बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा प्रभामंडलदर्शक, तबकडीने सूर्यबिंब झाकून असे ग्रहण हवे तेव्हा घडवून आणतो.) नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. कोडाईकनालने त्यांचा उपयोग केला, तेथील सूर्यनोंदी शंभर वर्षांहून अधिक काळाच्या आहेत, हे समाधान आहेच. पुण्यातील काम मात्र एका माणसाबरोबर संपले. अलिबागला व्यवस्था होती म्हणून काम माणसांच्या बदल्यांतून आणि निवृत्तींतून तरले. पुण्याला माणूस मोठा होता, पण त्याच्यामागे व्यवस्था नव्हती.

दरडोई पावणेतीन रुपये

आदित्यसाठी, प्रक्षेपणाचा खर्च वगळता, सुमारे ३७८ कोटी रुपये मंजूर झाले होते. ज्या देशात शाळांची छपरे गळतात, त्याने हा खर्च करावा काय, असा आक्षेप घेतला जातो. त्यावर ठरलेले उत्तर असे की, एकशे चाळीस कोटी लोकसंख्येने भागले तर दरडोई पावणेतीन रुपयेही पडत नाहीत. हे उत्तर मला पटत नाही. एकशे चाळीस कोटींनी भागल्यावर कोणताही खर्च क्षुल्लक दिसतो. उधळपट्टीचे समर्थनही याच भागाकाराने करता येईल. खरे उत्तर निराळे आहे. सूर्याच्या वादळाची पूर्वसूचना ही सार्वजनिक वस्तू आहे. ती एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याला वगळता येत नाही. अशी वस्तू बाजार निर्माण करीत नाही, ती सरकारनेच करावी लागते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

मग अमेरिका आणि युरोपची याने ती फुकट पुरवीत असताना आपण का खर्चावे? ‘सोहो’ हे त्यांचे यान १९९६ पासून याच बिंदूवरून सूर्य पाहत आले, आणि त्याची चित्रे जगाला खुली राहिली. फुकट्या प्रवाशाची ही भूमिका हिशेबाला सोयीची आहे, मात्र गाडी दुसऱ्याच्या मर्जीवर चालते. शिवाय पुण्याच्या दुर्बिणीचा प्रकाशपट्टा त्यांच्यापाशी नव्हता. त्या नोंदी आपण केल्या नसत्या तर कोणीच केल्या नसत्या.

येथे माझ्याच विषयातील एक जुना प्रमाद सांगितला पाहिजे. स्टॅन्ली जेव्हन्स हा एकोणिसाव्या शतकातील मोठा अर्थशास्त्रज्ञ. इंग्लंडमधील व्यापारी मंदी दहा-साडेदहा वर्षांनी येते आणि सूर्यावरील डागांचे चक्रही तेवढेच, असे त्याने १८७५ ते १८८२ या काळात मांडले. मधला दुवा होता हिंदुस्थानचा: डागांमुळे येथील पाऊस आणि पिके बिघडतात, येथील रयत कापड घेईनाशी होते, आणि मँचेस्टरला मंदी येते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाच्या काळात अशा उपपत्तींना बहर आला होता. दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मरत असताना दोष सूर्याच्या माथी मारणे राज्यकर्त्यांनाही गैरसोयीचे नव्हते. पुढे चक्राचा काळ सरासरीने अकरा वर्षे असल्याचे पक्के झाले आणि जेव्हन्सचा मेळ मोडला. आज आमच्या शास्त्रात ‘सूर्यडाग’ हा शब्द उरला आहे तो, ज्याचा अर्थव्यवस्थेशी प्रत्यक्ष संबंध नाही पण ज्यावर लोकांचा विश्वास बसला तर बाजार हलतो, अशा गोष्टीची संज्ञा म्हणून. सांगण्याचा हेतू एवढाच की, जेव्हन्सची बुद्धी तोकडी नव्हती, तोकडी होती ती त्याच्या हातातील मालिका. दोन-चार चक्रांच्या आधारावर नियम सांगण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. उपग्रहांमधून सूर्य पाहण्याच्या विद्येलाही अद्याप मोजकीच चक्रे लाभली आहेत.

मुदत संपल्यावर

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळू. सूर्याचे सध्याचे, पंचविसावे, चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. ते आपल्या उच्चांकाच्या काळात असल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. म्हणजे आदित्य पोहोचला तो ऐन धामधुमीत. त्याची मुदत संपेल तेव्हा सूर्य शांत होत आलेला असेल. चक्राचा चढ, नव्या डागांची पहिली चाहूल, पुढच्या चक्राचा जोर किती असेल याचे अंदाज ज्या वर्षांत बांधता येतात ती वर्षे, हे सारे त्याच्या मुदतीबाहेर राहते. यान मुदतीपेक्षा अधिक टिकेल, असा युक्तिवाद होईल. टिकेलही, ‘सोहो’ दोन वर्षांसाठी पाठवले होते आणि तीस वर्षे राबले. पण त्या बिंदूभोवतीची कक्षा आपोआप स्थिर राहत नाही, ती सावरण्यास इंधन लागते, आणि इंधन मोजून नेलेले असते. टिकेल ही आशा झाली, योजना नव्हे.

शिवाय एकच यान पुरत नाही. मे २०२४ चे ते मोठे वादळ आले तेव्हा आदित्यवरील कण मोजणारी उपकरणे जागी होती. पण पुण्याची दुर्बीण आणि बंगळूरचा प्रभामंडलदर्शक ही दोन्ही त्या वेळी देखभालीच्या व जुळवणीच्या कामात गुंतलेली होती, आणि १४ मेच्या सुमारास ती पुन्हा उघडली. इस्रोने हे स्वतःच मोकळेपणाने सांगितले. त्यात कोणाचा दोष नाही. नाजूक उपकरणांना अशी सुटी द्यावीच लागते. सूर्य मात्र आपले वेळापत्रक पाहून वादळे धाडत नाही.

आदित्यची मूळ कल्पना जानेवारी २००८ मध्ये पुढे आली. तेव्हा तो पृथ्वीजवळच्या कक्षेतील, एकाच उपकरणाचा, चारशे किलोचा लहानसा उपग्रह होता. तो वाढत वाढत सात उपकरणांचा आणि जवळपास दीड हजार किलोंचा झाला, आणि निघेपर्यंत पंधरा वर्षे लोटली. यातील काही विलंब टाळता आला असता, असे गृहीत धरले आणि पुढच्या यानाला दहाच वर्षे लागतील असे मानले, तरी आज निर्णय घेऊनही ते २०२९ ला हजर होणार नाही. निर्णय लांबला तर खंड आणखी वाढेल. आणि मूस यांनी केले तसे, जुने व नवे यान काही काळ शेजारी ठेवून दोघांची मापे ताडून पाहायची, तर निर्णयाची वेळ होऊनच गेली आहे.

असे का होते, याचे कारण आपल्या अंदाजपत्रकी सवयींत आहे. नवे यान, नवी इमारत, नवा पूल हा भांडवली खर्च. त्याला फीत कापता येते. निरीक्षकाचा पगार, नोंदींची छाननी, जुन्या वह्यांची जपणूक, संगणकाची दुरुस्ती हा महसुली खर्च. तो ‘अनुत्पादक’ म्हणून हिणवला जातो आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यावर पडते. शाळेची इमारत ही मालमत्ता आणि शिक्षक हा बोजा, असे मानणाऱ्या हिशेबपद्धतीचा अनुभव या वृत्तपत्राच्या वाचकांपैकी अनेकांना रोजच्या रोज येतो. निरीक्षणाच्या बाबतीत ही पद्धत विशेष घातक ठरते. कोसळलेला पूल पुन्हा बांधता येतो. न घेतलेले वाचन पुन्हा घेता येत नाही.

तेव्हा काय करावे? दुसऱ्या सौर वेधशाळेचा निर्णय आदित्यची मुदत चालू असतानाच व्हावा, आणि तिची रचना सात उपकरणांचा डोलारा न करता, ज्या दोन-तीन नोंदींची मालिका तुटू द्यायची नाही तेवढ्यापुरती असावी. असे यान लवकर बनेल आणि स्वस्तात बनेल. पुण्याच्या अतिनील दुर्बिणीची सुधारलेली आवृत्ती त्यात अग्रक्रमाने यावी. अंतराळ विभागाच्या मागणीत निरीक्षणांच्या छाननीसाठी आणि साठवणीसाठी स्वतंत्र, यानाच्या आयुष्याशी न बांधलेली तरतूद असावी. यान थांबले तरी त्याच्या नोंदींवर पुढील वीस वर्षे काम करणारी माणसे लागणार आहेत आणि त्यांना वेतन द्यावे लागणार आहे. अलिबागच्या वेधशाळेभोवतालचा परिसरही डोळ्यांत तेल घालून जपला पाहिजे. एके काळी विजेच्या ट्रामने कुलाब्याहून हुसकावलेल्या उपकरणांना तेथे आसरा मिळाला; आज मुंबई खाडी ओलांडून अलिबागच्या दाराशी आली आहे, आणि येथून पुढे सरकायला जागा असली तरी दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या मालिकेला पुन्हा एकदा जागा बदलायला लावणे शहाणपणाचे नाही.

आदित्यच्या नोंदींचा पहिला संच इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्यासाठी पैसे पडत नाहीत. पनवेल, पेण, अलिबाग, महाड येथील महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाचे आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी आहेत, संगणक आहेत, आणि भूचुंबकत्व संस्था बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहे. कालश्रेणींच्या अभ्यासातील एक पायाभूत पद्धत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल याने १९२७ मध्ये सूर्यडागांच्या आकड्यांवरच बेतली होती. आमचे विद्यार्थी ती शिकतात, पण मुंबईच्या पावसाच्या किंवा शेअर बाजाराच्या ठरीव उदाहरणांवर. मे २०२४ च्या आठवड्यातील अलिबागचे चुंबकीय वाचन आणि आदित्यचे कणमापन शेजारी शेजारी मांडून पाहण्याचा प्रकल्प एखाद्या प्राध्यापकाने तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला दिला, तर त्यासाठी विद्यापीठाच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.